कागद भिजवायचा का, सर?
दुसरीच्या वर्गातले अकरा शनिवार

मी हायस्कूलचा चित्रकला शिक्षक. पंचवीसेक वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवतोय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, पेन्सिल सहा इंचांवर धर, खोडरबर कमी वापर. हातात हेच मुरलेलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर शनिवारचे दोन जोडतास घ्या असं सांगण्यात आलं. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. पटावर ३४ मुलं, वयं सात ते आठ. घरात तेलुगू बोलणारी निम्म्याहून जास्त, काही कन्नड, काही उर्दू, मराठी शाळेत आल्यावर पक्की होणारी. बऱ्याच घरांतले पुरुष यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात, बायका विड्या वळणाऱ्या.

विषय मीच सुचवला होता, 'जगातले चित्रकार आणि जगातल्या कला'. मुलांना जग दाखवायचं, असा उत्साह होता. त्या उत्साहाचं काय झालं ते इथे क्रमाने लिहितो. वर्गबाई शेवटपर्यंत सोबत होत्या, त्यांच्या वहीतल्या नोंदींचाही आधार घेतला आहे.

कानाची गोष्ट

पहिल्या शनिवारी व्हॅन गॉग. 'द स्टारी नाइट', जून १८८९, फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवलेलं. रंगीत प्रिंट मोठा काढून फळ्यावर चिकटवला. विचारलं, आकाशात काय दिसतंय? उत्तर एकमुखी आलं, जिलेबी. डावीकडचं ते काळपट उंच सरूचं झाड म्हणजे आग. दोन्ही उत्तरं वाईट नव्हती. मी मात्र घाईत होतो. "नाही, ते झाड आहे," म्हणून पुढे गेलो आणि तैलखडू वाटले.

३४ कागदांपैकी २९ वर एकच गोष्ट घडली होती. वरच्या काठाला निळी पट्टी, खालच्या काठाला हिरवी पट्टी, मधला सगळा कागद कोरा. त्या वरच्या चार बोटांच्या निळ्या पट्टीत गोल गोल जिलेब्या दाटीवाटीने कोंबलेल्या. मी तिथेच हाडाच्या परीक्षकासारखा "आकाश खालपर्यंत भरा, डोंगरापर्यंत आणा" म्हणत बाकांमधून फिरलो. काहींनी मी सांगितलं म्हणून भरलं. त्या भरलेल्या निळ्यात काही जीव नव्हता.

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी साधारण सात ते नऊ या वयाची जी अवस्था सांगितली आहे, ती हीच. मूल कागदाच्या तळाशी एक जमीनरेषा ओढतं आणि माणूस, घर, झाड त्या रेषेवर उभं करतं. आकाश वर असतं म्हणून वर काढतं. जमीन आणि आकाश कुठेतरी एकमेकांना टेकतात ही मोठ्यांची नजर. डी.एड.च्या पुस्तकात हे असतं, मी ते शिकवलेलंही आहे. वर्गात उभा राहिल्यावर आठवलं नाही. व्हॅन गॉगचं चित्र उभं आहे ते नेमकं आकाशाने जमिनीपर्यंत येण्यावर, आणि तीच गोष्ट या वयाच्या मुलाला अजून दिसत नाही. म्हणजे नक्कल करायला दिली तीसुद्धा न जमणारी.

दुसरी चूक याहून मोठी. मुलं कंटाळायला लागली म्हणून मी गोष्ट सांगितली. डिसेंबर १८८८, आर्ल गाव, कान. वर्ग एकदम चिडीचूप. पुढच्या शनिवारी 'व्हॅन गॉगबद्दल काहीही काढा' म्हटलं तर अर्ध्या वर्गाने डोक्याला पट्टी बांधलेला माणूस काढला. लाल खडू संपले. सोमवारी एक आई वर्गबाईंना विचारून गेली, "बाई, कान कापून घेणाऱ्याचं काय शिकवताय पोरांना?" बाईंनी मला निरोप दिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण प्रश्न रास्त होता. चित्रकाराचं आयुष्य सनसनाटी करून सांगितलं की मुलं आयुष्य लक्षात ठेवतात, चित्र विसरतात. मोठी माणसंही तेच करतात म्हणा.

सगळी चित्रं एकाच मापाची

तिसऱ्या शनिवारी जपानी चित्रकार होकुसाई. कानागावाची मोठी लाट, साल साधारण १८३१, तेव्हा चित्रकार सत्तरीचा. या वेळी कागद-खडू काही वाटलं नाही, फक्त बघायचं ठरवलं. नावा किती? एक, मग दोन, मग एकाने तिसरी शोधली आणि जिंकल्यासारखा उभा राहिला. डोंगर कुठे आहे? फुजी पर्वत या चित्रात इतका लहान आणि मागे आहे की मुलं त्याला लाटच समजत होती. समुद्र कोणीच पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर उजनी. एवढं मोठं पाणी उभं राहतं यावर वर्गात मतभेद झाले.

त्यातच एका मुलाने विचारलं, "सर, हे चित्र केवढं?" फळ्यावर टांगलेला प्रिंट आणि मागच्या आठवड्यातला प्रिंट एकाच दुकानातून एकाच मापात काढलेले होते. होकुसाईचं मूळ चित्र म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेला कागद, जेमतेम २६ बाय ३८ सेंटिमीटर, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. म्हणजे मुलांच्या चित्रकलेच्या वहीएवढंच. हे ऐकून त्यांना भारी वाटलं. मला मात्र जाणवलं की आपण प्रिंटवर आणि मोबाइलवर सगळं जग एकाच मापाचं करून टाकतो. तेव्हापासून चित्र दाखवण्याआधी त्याचं माप खडूने फरशीवर आखायचं, असं ठरवलं. या अकरा शनिवारांत मी स्वतःहून केलेली ही एकमेव चांगली गोष्ट.

चौथ्या शनिवारी हुसेन. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्या पंढरपुरात जन्मलेले, सोलापूरहून सत्तर-बहात्तर किलोमीटरवर. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलेला माणूस. घोडे बरे झाले. वारीतलं रिंगण पाहिलेली मुलं होती, घोडा पळताना पाय कसे दिसतात यावर त्यांच्याकडे ठाम मतं होती. बाकी या तासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

कात्री

पाचव्या शनिवारी मातिस. आंरी मातिसवर १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढची वर्षं बरीचशी अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत गेली. इझलसमोर तासन् तास उभं राहणं जमेना. मग त्याने मदतनिसांकडून कागद रंगवून घेतले आणि कात्रीने थेट आकार कापायला सुरुवात केली. आधी पेन्सिलीने काढून मग कापणं नाही, कात्री हीच पेन्सिल. 'गोगलगाय' हे चित्र १९५३ चं, प्रत्येक बाजूने सुमारे २८७ सेंटिमीटर.

आम्ही बाक भिंतीला सारून फरशीवर तो चौकोन आखला. साडेनऊ फूट म्हणजे काय ते आकड्यात कळत नाही. दहा मुलं चौकोनात आडवी झोपली तरी जागा उरली. "आजारी माणसानं एवढं केलं?" हा प्रश्न मुलांकडून आला. कानाच्या गोष्टीने जे बिघडवलं होतं ते इथे सुधारलं असं मला वाटतं. गोष्ट याही वेळी आजाराचीच होती, पण ती सरळ कामापाशी नेणारी होती. उभं राहता येत नाही, तर चित्र कसं करायचं? हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतो.

घोटीव कागद वाटले, बोथट टोकाच्या कात्र्या वाटल्या. नियम एकच, पेन्सिल दप्तरात. निम्मी मुलं अडली. पेन्सिलीशिवाय कापायचं म्हणजे काठावरून पाण्यात उडी मारायला सांगितल्यासारखं झालं. एकाने नखाने कागदावर रेघ ओढून घेतली, मी न बघितल्यासारखं केलं.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी कागद हातात धरून बसली होती. वर्षभरात फारशी न बोललेली. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "कागद भिजवायचा का, सर?"

मला काही कळेना. कागद कशाला भिजवायचा? वर्गबाईंना लगेच कळलं. विडीचं तेंदूचं पान कोरडं असलं की कातरताना फुटतं, म्हणून आधी भिजवून मऊ करतात. मग पानावर पत्र्याचा साचा ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवतात. तिच्या आईचं काम रोज तेच, विड्या हजाराच्या हिशेबात. मी म्हटलं, कागद भिजवला तर फाटेल, असाच काप. तिने कात्री धरली आणि मी बघत राहिलो. माझे दहावीचे विद्यार्थी कात्री पुढे ढकलतात. ही कात्री जागेवर ठेवून डाव्या हाताने कागद फिरवत होती. उघडझाप अगदी थोडी, कात्री कधी पूर्ण मिटत नव्हती, त्यामुळे कडेला एकही दात पडला नाही. एका दमात गोल, मग त्यातून वळत वळत आत जाणारी पट्टी. उचलून धरली तर ती स्प्रिंगसारखी खाली लोंबली. मातिसच्या प्रिंटकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

मग कळलं की वर्गात अशा हातांच्या सात-आठ मुली आणि दोन मुलगे आहेत. चित्रकलेच्या वहीत हीच मुलं 'कच्ची' होती. मीच शेरा मारला होता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. मुलांना विडीच्या कामाला लावायला कायद्याने बंदी आहे. त्या मुलीचं हे बघून बघून आलेलं कौशल्य आहे की हात लावून आलेलं, हे मी तिला विचारलं नाही. वर्गासमोर तर नाहीच. वर्गबाईंच्या कानावर घातलं, त्या घरी जाऊन आल्या. त्याबद्दल इथे याहून जास्त लिहीत नाही. पण हाताचं कौतुक करताना हा हात कुठे तयार झाला याचा विसर पडू नये, हे पुढच्या प्रसंगात मला दुसऱ्याने शिकवलं.

मातिस तीन शनिवार चालला. दुसऱ्या शनिवारी चौकोनात सगळ्यांचे तुकडे मांडले, न चिकटवता. आधी सरकवायचं, भांडायचं, मग खळ लावायची. सरकवण्यात पाऊण तास गेला, आणि शिकणं त्याच पाऊण तासात झालं. हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोन्ही ओरडतात, हे वाक्य एका मुलाचं आहे, माझं नाही. मधला एक शनिवार गड्ड्याच्या यात्रेने खाल्ला. संक्रांतीच्या त्या आठवड्यात पूर्व भागातल्या शाळेत नऊ मुलं आली तरी खूप.

घानाचा माग, सोलापूरचा माग

मातिसबद्दल वाचताना एक गोष्ट हाती लागली होती. तो वाढला ते बोआँ गाव उत्तर फ्रान्समधलं, विणकरांचं. त्याच्या घराण्यातही पिढ्यान् पिढ्या विणकर. आयुष्यभर तो कापडं जमवत राहिला आणि चित्रांत आणत राहिला. हे सांगितल्यावर वर्गातून आवाज आला, "म्हणजे आमच्यासारखा." मग पुढचे शनिवार विणकामाकडे वळले.

घानातलं केंटे कापड निवडलं. अशांती आणि एवे लोक ते विणतात. कापड एकसंध नसतं. साधारण चार इंच रुंदीच्या लांब पट्ट्या विणायच्या आणि कडेला कड लावून शिवायच्या. पट्टीत नक्षीचा ठोकळा आणि मोकळी जागा आलटून पालटून येते. शेजारच्या पट्टीत ती उलट आली पाहिजे, तर शिवल्यावर चौकटी जुळतात. मागाच्या दोऱ्या विणकर पायाच्या बोटांत धरून ओढतो, आणि ताणा, म्हणजे लांबीचे धागे, ताठ राहावा म्हणून त्याचं दुसरं टोक दूरवर दगड ठेवलेल्या फळीला बांधलेलं असतं. पायाच्या बोटांनी माग चालतो हे ऐकून अर्ध्या वर्गाने चपला काढल्या.

मुलांनी कार्डशीटवर ताणा बांधला. एका पालकाने कारखान्यातल्या उरलेल्या धाग्यांचे कोन पिशवीभर आणून दिले. मी 'एक वर, एक खाली' सांगितलं. एका मुलीने दोन वर, एक खाली, आणि पुढच्या ओळीत एक घर सरकवून घातलं. पाच-सहा ओळींनंतर तिरकी रेघ उमटली. हे ट्विल, जीन्सच्या कापडावर दिसतं ते. विचारलं तर म्हणाली, "तात असं दाखवतात." तात म्हणजे तेलुगूत आजोबा. मी शिकवलेलं विणकाम तिने बाजूला ठेवलं आणि घरचं केलं. मला ते फार आवडलं, आणि मी हुरळलो.

हुरळून जकार्डकडे गेलो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर येते, म्हणजे कुठला धागा उचलायचा हे भोकं पाडलेल्या कार्डांनी ठरवणाऱ्या मागावरच्या यंत्रावर. पूर्व भागात हा शब्द इतका घरचा आहे की मुलांना तो तेलुगू वाटत होता. जकार्ड हे माणसाचं आडनाव आहे, जोसेफ मारी जकार्ड, फ्रान्समधल्या ल्यों शहराचा, त्याचं यंत्र १८०४ चं, हे सांगितल्यावर पोरं हसायला लागली. जगातली कला दाखवायला मी व्हॅन गॉग घेऊन आलो होतो. फ्रान्स तर यांच्या शेडमध्ये दिवसरात्र खडखडत होता. चौकटीच्या कागदावर आठ बाय आठची नक्षी काढायची, काळं घर म्हणजे कार्डाला भोक, पांढरं म्हणजे भोक नाही, असं शिकवलं. आणि म्हणालो, भोक असलं की धागा खाली राहतो.

पुढच्या शनिवारी शाळा सुटताना एक वडील दारात उभे. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. "या, बसा," म्हटलं. बसले नाहीत.

"सर, एक विचारू का? पोराला शाळेत घातलं ते मागातनं सुटावं म्हणून. आणि तुम्ही इथंबी मागच शिकवायलाय."

मी आपली संस्कृती, हातातलं कौशल्य, घानाचं कापड असं काहीबाही बोललो. ते ऐकत होते. मी बोलायचा थांबलो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी माग होता का, सर?"

नव्हता. माझ्या घरी चादर होती.

नंतर त्यांनी टेबलावरचा केंटेचा फोटो उचलला, बराच वेळ बघितला. रुंदी विचारली. चार इंच म्हटल्यावर हसले, "एवढ्या पट्टीत मजुरी काय पडणार?" हा प्रश्न तीन शनिवारांत मला सुचला नव्हता. फोटो ठेवताना त्यांची नजर मुलाच्या चौकटीच्या कागदावर गेली. बोट ठेवून म्हणाले, "हे उलटं झालंय. भोक असलं की सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो, धागा वर उचलतो. भोक नसलं की कार्ड सुईला ढकलतं, हूक सरकतो, धागा खालीच राहतो." पेन मागून त्यांनी कागदाच्या मागे सुई, हूक आणि कार्ड असं चित्र काढलं. चार रेघांत. मी पंचवीस वर्षं संकल्पचित्र शिकवतोय, इतकी नेमकी आकृती मी फळ्यावर काढलेली नाही.

शेवटच्या शनिवारी फळ्यावर तीच आकृती काढली आणि मुलांना सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचं शिकवलं होतं. कोणी दुरुस्त केलं हेही सांगितलं. त्या मुलाने मान खाली घातली, पण कान लाल झाले होते. मग सांगितलं की ज्याला विणायचं नाही त्याने विणू नये, कात्री आहे, रंग आहेत, हवं ते करा. पाच जणांनी विणकाम ठेवून दिलं. त्यात तोही होता. त्याने दोन कागद जोडून निळं पाऊल कापलं, हातभर लांब, पायाच्या बोटांत दोऱ्या धरलेलं. बोटं सहा झाली. सांगू का नको असं झालं, शेवटी नाही सांगितलं.

पुढे

या शनिवारांवर गुण कसे द्यायचे हा प्रश्न आलाच. तपासणीला आलेल्या साहेबांनी चित्रं बघून 'मूळ चित्राशी साम्य' असं काही शोधलं आणि ते मिळालं नाही. वर्गबाईंनी आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत साधी वाक्यं लिहिली, 'पेन्सिलीशिवाय वक्राकार कापते', 'रंग शेजारी ठेवून बदलून पाहतो'. मला त्या नोंदी माझ्या शेऱ्यांपेक्षा उपयोगी वाटतात.

यंदा पुन्हा दुसरी दिली आहे. चित्रकार तेच ठेवलेत, एक व्हॅन गॉग सोडून. तो पाचवीला घेईन. प्रत्येकाचं चित्र शेवटी दाखवायचं, आधी त्याच्यापुढची अडचण मांडायची. अंथरुणातून मोठं चित्र कसं करशील? चार इंचांच्या पट्ट्यांतून अंगभर कापड कसं करशील? माग नको म्हणणाऱ्या घराला आधी विचारायचं.

विणलेल्या २९ पट्ट्या एका आईने मशीनवर जोडून दिल्या. चौकटी कुठेच जुळल्या नाहीत, कारण कोणाची पट्टी तीन इंची झाली होती, कोणाची पाच. ते कापड वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहे, शेजारी निळं पाऊल. कापडाच्या कडा दुमडून घ्यायच्या राहिल्यात. शेवटच्या बाकावरची मुलं रोज एखादा धागा ओढतात, बाई ओरडतात, आणि डावीकडच्या दोन पट्ट्या आता बऱ्याच आखूड झाल्या आहेत.